झटके आलेल्या पोरीला ‘नाटक करायली’ म्हणणं बरोबर आहे का?

गोदाकाठ: परवा रात्री दोनला पुतणीला झटके आले. परभणीहून लांब गाव, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डोळे गच्च मिटलेले, मान इकडून तिकडं, वीस मिनिटं. ड्युटीवरच्या डॉक्टरनं छातीच्या हाडावर मुठीनं असं रगडलं की सकाळी काळानिळा डाग होता. वर सिस्टरला म्हणतो, "काही नाही, नाटक करायली. लग्न ठरलंय का हिचं?" पोरीला सगळं ऐकू येत होतं. आता म्हणते, मेले तरी दवाखान्यात नेऊ नका.

रात्रपाळी: दादा, रगडणं चूकच. पण आमचंही ऐका. वॉर्डात दोघी सिस्टर, एकीकडं साप चावलेला, एकीकडं बाळंतीण. त्यात हिच्यासोबत पंधरा माणसं, ‘इंजेक्शन द्या, सलाईन लावा’. फेफरं नाही हे नजरेला कळतं हो. मग चिडचिड होते.

लातूरचा न्यूरोवाला: सिस्टर, नजरेवर एवढं जाऊ नका. मिटलेले डोळे, लांबलेला झटका या नुसत्या खुणा. पक्कं निदान व्हिडिओ ईईजीनं, म्हणजे चित्रण आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी: झटका चालू असताना मेंदूच्या आलेखात फेफऱ्याची खूण नाही. काहींना तर असे झटके आणि फेफरं, दोन्ही असतं, तिथं ‘नाटक’ म्हणून सोडलं की खरं फेफरं नजरेतून सुटतं. आणि शांत करायला इंजेक्शनावर इंजेक्शन दिलं तर श्वास मंदावतो, ते वेगळंच. नाटक म्हणजे ठरवून केलेलं. हे ठरवून होत नाही.

बीडचा भाऊ: पुस्तकात ठीक आहे. आमच्या गल्लीत एका सुनेला सासू दारात आली की फिट. सासू गेली की चहा ठेवते.

सून, नांदेड: भाऊ, मी तसलीच सून. आधी ‘बाहेरचं’ म्हणून देवऋषी, मग कांदा, चप्पल हुंगवली, मग तीन वर्षं फेफऱ्याच्या गोळ्या. झोपच झोप, झटके तेवढेच. शेवटी एका मॅडमनी खुर्ची ओढली, म्हणाल्या, "झटके खरे आहेत, फेफऱ्याचे नाहीत, तू मुद्दाम करत नाहीस." मी तिथंच रडले. पंधरा दिवसाला समुपदेशनाला जाते. अजून येतात, पण महिन्यातून एखादा. आणि हो, झटका गेला की चहा मीपण ठेवते. दुसरं कोण ठेवणार?

रात्रपाळी: खुर्ची ओढायला वेळ कुणाकडंय, ताई? …वाक्य तेवढं लिहून घेतलं.

गोदाकाठ: डॉक्टर, मोबाईलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे. चालेल का?

लातूरचा न्यूरोवाला: पळेल. चेहरा दिसतोय ना त्यात? डोळे बघायचेत. आणि चालू गोळ्या असतील तर मनानं बंद करू नका.