गवळी देवची वाट: कोयता हवा की पेव्हर ब्लॉक?

सोंडेवरचा (ठाणे)
'ऐरोलीकर' यांनी परवा लिहिलं की नवी मुंबईतल्या गवळी देव डोंगरावरची पायवाट गवतात बुडाली आहे, तेव्हा पायथ्यापासून माथ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक टाका, रेलिंग आणि दिवे लावा, नाहीतर डोंगर सरळ बंद करा. वाचून डोकं भणाणलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

वाट बुजली आहे हे खरं. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गेलो होतो. ओढा ओलांडला की गवत छातीला लागतं, मध्ये रानमोडी या तणाच्या जाळ्या. हाताने बाजूला सारत गेलं तरी पायाखाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. दोनदा ढोरवाटेने चकवलं आणि मी घाणेरीच्या काट्यांत जाऊन अडकलो. बाही फाटली, मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे.

पण म्हणून पेव्हर ब्लॉक? आपल्या पावसात उतारावरचं पाणी ब्लॉकखालची कच पहिल्या दोन महिन्यांत धुऊन नेतं. मग ब्लॉक डुगडुगतात, त्यांच्यावर शेवाळ चढतं, आणि पडलात तर मातीपेक्षा जास्त लागतं. वाटेला हवा वर्षातून दोनदा कोयता आणि दर वीस-पंचवीस पावलांवर तिरक्या दगडांची एक ओळ, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरतं. कर्नाळ्यात हरियाल आणि मोरटाका या वाटा मातीच्याच आहेत, लोक मजेत फिरतात.

ऐरोलीकर
कर्नाळ्याला तिकीट असतं, गेटवर माणूस असतो. इथे कोण आहे?

मी का लिहिलं तेही ऐका. दोन वर्षांपूर्वी याच गवतातून आलो आणि दहा-बारा दिवसांनी ताप भरला. आठवडाभर उतरेना. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, डॉक्टर गोळ्या बदलत राहिले. शेवटी अंग पुसताना बायकोला कमरेच्या पट्ट्याखाली एक काळी खपली दिसली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. स्क्रब टायफस! गवतातल्या डोळ्यांना दिसणार नाहीत अशा किड्यांच्या पिल्लांमुळे होतो. डॉक्सीसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप गेला, पण तोवर मी अर्धा झालो होतो. आता माझी आई ६८ वर्षांची आहे, तिला देवापर्यंत यायचंय. तिला छातीभर गवतातून नेऊ? डोंगर काय फक्त धडधाकट तंगड्यांचा आहे?

कारवी (बेलापूर)
आईंचा मुद्दा मान्य. दिव्यांचा मुळीच नाही. उजेड आला की रात्री बाटल्या घेऊन येणारे वरपर्यंत येतील. आणि बंदी मागू नका हो! खारघरच्या पांडवकडा धबधब्याला दर पावसाळ्यात बंदी असते, तरी लोक मागच्या बाजूने चढतातच, आणि नेमकी तीच बाजू धोक्याची.

आणखी एक. वाट साफ करायची म्हणजे नुसतं सपासप छाटायचं नाही. घाणेरी वरून तोडली की महिनाभरात दुप्पट फुटते. मातीत बोटभर खाली खणून तिचा बुंधा उपटावा लागतो. रानमोडी फुलायच्या आधी, म्हणजे आत्ताच काढा. थंडी सरता सरता तिचं बी कापसासारखं उडतं, मग पुढच्या वर्षी डोंगराची अख्खी सोंड तिचीच.

घणसोलीचा
सगळं वाचलं. तुम्ही तिघं भांडताय, पण ही वाट बुजली का, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही.

ही 'नेचर ट्रेल' नाही. आमच्या गावाची वाट आहे. आय माझी रोज पहाटे मोळीला जायची, चार-पाच जणी सोबत. गुरं वर चरायला जायची. रोज दोनशे पायांखाली गवत उगवेलच कसं? घरात सिलिंडर आला, गुरं गेली, शेतं सिडकोने घेतली. वाट पायांनी राहते, पाय थांबले तशी ती बुजली. आता तुम्ही महिन्यातून एकदा येता आणि म्हणता देखभाल नाही!

कारवी
दादा, मोळीचं पटलं. पण गुरांचं कौतुक नको. गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून माघ-फाल्गुनात डोंगर पेटवायचे, हेही गावचेच लोक ना? दर वर्षी काळी पडलेली सोंड मी खिडकीतून बघते. जळल्या जमिनीवर रानमोडी सगळ्यांत आधी येते.

घणसोलीचा
आलात ना शेवटी गावकऱ्यांवर! गुरंच राहिली नाहीत तर कुणासाठी पेटवू? दोन वर्षांपूर्वी होळीच्या आठवड्यात वणवा लागला तेव्हा निरगुडीच्या फांद्यांनी झोडपून आम्ही सहा जणांनी विझवला. माझ्या चपला वितळल्या. वर जाऊन पाहिलं तर काय, चूल मांडलेली, थर्माकोलच्या प्लेटा आणि अर्धवट भाजलेली कोंबडी. तुमच्या सोसायट्यांचे लोक होते. खिडकीतून धूर दिसतो, विझवणारे नाही दिसत.

कारवी
मी सरसकट म्हणायला नको होतं. तुम्ही विझवलात ते मला माहीत नव्हतं. पण पूर्वी जाळायचे, हे मी मागे घेणार नाही.

घणसोलीचा
पूर्वी जाळायचे. हो. पण आधी वाटेच्या दोन्ही अंगांचं गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचे, आग पलीकडे जाऊ नये म्हणून. वनखाते त्यालाच जाळरेषा म्हणतं. म्हणजे साफ वाट ही आगीलाही आडवी येते. आता वाटच नाही, तर आगीला अडवणार कोण?

सोंडेवरचा
हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मग गावातल्या लोकांना घेऊनच वर्षातून दोनदा श्रमदान करू या. मात्र वनखात्याचं पत्र आधी हवं. राखीव वनात विनापरवाना तोड केली की १९२७ चा वन कायदा लागतो, भले तुम्ही घाणेरी का काढत असेना.

घणसोलीचा
श्रमदान तुम्ही करा, हौसेने करा. आमच्या पोरांना मजुरी द्या. ज्याला फुरसं कुठल्या दगडाखाली बसतं ते कळतं, ज्याला कोयता कसा धरायचा ते कळतं, त्याने फुकट राबायचं आणि ब्लॉकवाल्या ठेकेदाराला मात्र बिल? याच कारणाने मी श्रमदानाला दोनदा नाही म्हणालो. वर नुसतं सुकं गवत खसपटल्यासारखा आवाज आला तर तुम्ही पुढेच जाल. तो फुरशाचा, अंग अंगावर घासून काढलेला. आम्ही तिथेच थांबतो.

ऐरोलीकर
मजुरीचं बरोबर आहे. ब्लॉकच्या पैशांत दहा वर्षं गवत निघेल, हेही मी कबूल करतो, आवडत नसलं तरी. दिवेही सोडले. पण ओढ्याच्या अलीकडचा तो घसारा आहे ना, चाळीसेक पावलांचा, तिथे आधाराला काहीतरी हवंच. गेल्या वेळी तिथे आईचा हात सुटला होता. तिथून खाली काय आहे ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

सोंडेवरचा
रेलिंग गंजतं आणि मग नेमकं आपण टेकतो तेव्हाच मोडतं. दगडी पायऱ्या करू, सुक्या रचाईच्या.

ऐरोलीकर
पायऱ्या करा, पण हाताला काय? दोर तरी बांधा.

घणसोलीचा
तिथे कुंभ्याचं झाड आहे, वरच्या अंगाला. दोर त्याला धरेल. खाली खुंट ठोकावा लागेल.