1993 चा फ्रिज, आर-12 गॅस संपलाय, आता काय भरू?

गिरगावकर_बाळ्या: मंडळी, 165 लिटरचा जुना सिंगल डोअर फ्रिज आहे, गॅस लीक झालाय. एक मेकॅनिक म्हणतो आर-12 (जुन्या फ्रिजमधला थंड करणारा गॅस) आता मिळत नाही, 134 (म्हणजे आर-134ए, त्याच्या जागी आलेला गॅस) टाकून देतो, ओझोनलापण बरा. दुसरा म्हणतो हायड्रोकार्बन (प्रोपेन-आयसोब्युटेनसारखा जळणारा गॅस) टाका. आई फ्रिज काढू देत नाही, म्हणते असा पत्रा आता मिळतो का. चाळीतली खोली आहे, फ्रिज शेगडीच्या बाजूलाच. कोणाचं ऐकू?

परळचा_मिस्त्री: 134 नको. जुन्या कॉम्प्रेसरमध्ये मिनरल ऑइल असतं, ते 134 मध्ये मिसळत नाही, कॉइलमध्येच अडकून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नीट करायचं तर 134 ला चालणारं पीओई हे सिंथेटिक तेल, फिल्टर, कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) सगळं बदला, मग नवा फ्रिज काय वाईट? प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं अर्धं-अर्धं मिश्रण मात्र जुन्याच तेलावर चालतं. आणि आर-12 च्या वजनाच्या 40-45 टक्केच लागतं, पाटीवर 100 ग्रॅम असेल तर 40-45, तेही काट्यावर मोजून. अंदाजाने भरणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

दादरची_मीनू: म्हणजे सिलेंडरचाच गॅस ना?? आमच्याकडे एकजण खरंच घरचा एलपीजी भरत होता 😅

परळचा_मिस्त्री: असले महाभाग आहेत. त्यात वासाचं मरकॅप्टन, वर ओलावा, प्रमाणाचा पत्ता नाही, कॅपिलरी चोक होते. शुद्ध गॅसही पेट घेतोच, म्हणून आतला थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण सीलबंद हवं किंवा बाहेर काढायचं, ठिणगी तिथेच पडते. आणि फ्रिज शेगडीपासून हलवा बाबा

नुसता_वाचक: ओझोनचं म्हणाल तर तुमचा आर-12 म्हणजे ओझोन खाणारा सीएफसी गॅस, तो उडालाच की. पण त्या काळच्या फ्रिजच्या भिंतीत जो फोम असतो तो बहुतेक सीएफसी-11 या त्याच्याच भाऊबंद गॅसने फुगवलेला, भंगारवाल्याने फोडला की तोही हवेत. 2010 पासून आपल्याकडे सीएफसी बंद, पण जुन्या फ्रिजांच्या पोटात आहे अजून. 134 ओझोनला काही करत नाही हे खरं, पण तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट, आयसोब्युटेन 3 च्या आसपास. नवीन फ्रिजमध्ये आर-600ए लिहिलेलं दिसतं ते तेच

गिरगावकर_बाळ्या: ओके, हायड्रोकार्बनवाल्याला बोलावतो. थर्मोस्टॅट बाहेर काढायचा वेगळा खर्च किती?

परळचा_मिस्त्री: ते नंतर. आधी नायट्रोजन भरून लीक शोधायला सांगा. फोमच्या आतल्या पाइपला भोक असेल तर कुठलाच गॅस भरू नका, पैसे पाण्यात.