अंगावर येणाऱ्या जोरकस बॉक्सरसमोर दोरांना टेकणं शिकवावं का?

डावखुरा :
आमच्या क्लबातली पोरं हल्ली समोरचा अंगावर आला की पाठ रिंगच्या दोरांना लावतात, हात तोंडापुढे धरतात आणि तो दमायची वाट बघतात. विचारलं की म्हणतात, मुहम्मद अलीनं जॉर्ज फोरमनला असंच पाडलं. हे बंद व्हावं असं माझं ठाम मत आहे. त्यांची ती ३० ऑक्टोबर १९७४ ची किन्शासाची लढत १५ राउंडची होती, फोरमनला दमायला अवधी होता. आपल्या पोरांना तीन-तीन मिनिटांचे तीनच राउंड. पहिला दोरांवर घालवला की उरलेले दोन्ही जिंकावेच लागतात. खरं उत्तर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा. १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसनं माइक टायसनला जॅबच्या टोकावर ठेवलं आणि दहाव्या राउंडला पाडलं.

जुना प्रेक्षक :
नाही पटलं. त्याच डग्लसला टायसननं आठव्या राउंडला खाली पाडलं होतं, हे विसरू नका. शिवाय डग्लस उंच, हात लांब. समोरचा चार बोटं उंच असलेल्या पोरानं जॅबवर कसं भागवायचं? आणि अली नुसता टेकून राहिला नव्हता हो! पहिल्या राउंडला त्यानं जॅब न मारता थेट उजवे ठोसे लगावले. दोरांवर असतानाही तो डोकं मागे नेई, फोरमनची मान दाबून धरी आणि फट दिसली की सरळ ठोसा मारी. पोरं यातलं फक्त टेकणं उचलतात.

कोपऱ्यातला :
दोघंही १९९६ ची टायसन-होलीफील्ड लढत विसरताय. इव्हँडर होलीफील्ड ना पळाला, ना टेकला. टायसन आत आला की त्याला बिलगायचा, ढकलून मागे सारायचा. सहाव्या राउंडला डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, त्याला पाडलं, अकराव्यात लढत थांबली. जोरात मारणाऱ्याला हात फिरवायला जागा लागते, ती द्यायचीच नाही. मात्र हौशी लढतीत जास्त धरून ठेवलं तर रेफरी ताकीद देतो, तेव्हा ढकलणं आणि बाजूला सरकणं घोटून घ्यावं.

डावखुरा :
होलीफील्डचं मान्य. पण दोरांचं नाही. अलीचा स्वतःचा प्रशिक्षक डंडी कोपऱ्यातून ओरडत होता की दोरांवरून हल! परवा सरावानंतर एका पोरानं बनियन वर केला. कोपर बरगडीला चिकटवलं नव्हतं, डाव्या कुशीवर तळहाताएवढा काळानिळा वळ. सोळा वर्षांचं पोर. दीर्घ श्वास घेताना तोंड वाकडं होत होतं त्याचं. सोसणं ही युक्ती म्हणून मी शिकवणार नाही.

जुना प्रेक्षक :
सोसायला शिकवा असं मी म्हणतच नाही. पण तगडा गडी रेटत नेणारच, पोर कधी ना कधी दोरांवर सापडणारच. तिथं कोपर कुठं, हनुवटी कुठं, हे माहीत नसल्यानंच तो वळ उठला ना?

डावखुरा :
तेवढं शिकवतो. कोपर बरगडीला, ठोसा हातावर, आणि लगेच त्याच्या जड हातापासून दूरच्या बाजूला पाऊल. तिसऱ्या ठोशाला तिथं दिसला तर राउंड थांबवणार.