'अप्रत्यक्ष भेदभाव' की 'छुपा भेदभाव'?

सांगली : विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी मी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या २००७ मधील एका निकालावर टिपण लिहीत आहे. चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा शहरात रोमा या अल्पसंख्य समाजाच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी घेऊन, शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठीच्या 'विशेष' शाळांत धाडले जाई. चाचणी सर्वांना सारखीच होती, तरी अर्जदारांच्या आकडेवारीनुसार रोमा मूल तिथे जाण्याची शक्यता इतरांच्या २७ पट होती. हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, परिणामावरूनही भेदभाव ठरतो, असा निर्णय महापीठाने, म्हणजे त्या न्यायालयाच्या सर्वांत मोठ्या पीठाने, १३ विरुद्ध ४ मतांनी दिला. अशा भेदभावाला इंग्रजीत 'indirect discrimination' म्हणतात; त्यासाठी मी 'अप्रत्यक्ष भेदभाव' लिहिले होते. एका ज्येष्ठांनी ते खोडून 'छुपा' केले. योग्य काय?

मिरज : 'छुपा' मुळीच नको. लपवणे म्हटले की लपवणारा आला आणि त्याच्यामागून हेतूही आला. तोच तर न्यायालयाने अनावश्यक ठरवला आहे.

सातारा : आपल्याकडे 'पंक्तिप्रपंच' हा अस्सल शब्द असताना हा बोजड जोडशब्द कशाला? आमची आजी वाढप्यांना पहिली ताकीद हीच देत असे.

कराड : शब्द सुंदर आहे, पण इथे गैरलागू आहे. पंक्तिप्रपंचात वाढपी तोंड पाहून तूप वाढतो; ऑस्ट्राव्हात सगळ्यांना एकाच पळीने वाढले आणि तरीही काही पाने रिकामी राहिली. शिवाय संविधानाच्या मराठी पाठात, अनुच्छेद १५ मध्ये, 'भेदभाव' हाच शब्द आहे. स्ट्रासबर्गचे निकाल भारतावर बंधनकारक नाहीत. मात्र आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या नितीशा खटल्यात, वरकरणी समान निकषांचा विषम परिणाम हा भेदभावच आहे, असे मानले. रुळलेला शब्द मोडू नये.

सातारा : रुळलेला म्हणजे योग्य, हे मला मान्य नाही. 'अप्रत्यक्ष' वाचून सामान्य माणसाला तो भेदभाव सौम्य वाटतो.

कोरेगाव : मी पहिलीला शिकवते. वीटभट्टीवरच्या पारधी कुटुंबातील एका मुलीपुढे चित्रांचा तक्ता धरला, तेव्हा तिने प्रत्येक प्राण्याचे नाव बिनचूक सांगितले, पण पारधी बोलीत. उत्तरपत्रिकेच्या हिशेबाने तिला शून्य गुण मिळाले असते. यात लपवाछपवी कोणाचीच नव्हती. मला 'परिणामी भेदभाव' अधिक नेमका वाटतो.

मिरज : 'परिणामी' म्हणजे मराठीत 'त्यामुळे'. वाक्यात घोटाळा होईल.

सांगली : त्याच निकालात दुसरी अडचण आहे. पालकांनी विशेष शाळेसाठी सह्या दिल्या होत्या, असा सरकारचा बचाव होता. परिणामांची पुरेशी माहिती नसताना दिलेल्या सहीने समानतेचा हक्क सोडता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ही 'संमती' म्हणावी की 'रुकार'?

कराड : 'रुकार' लग्नाच्या बोलणीत शोभतो. 'संमती'च ठेवा, पण आधी 'जाणती' हे विशेषण लावा, म्हणजे या पालकांची सही तशी का नव्हती ते सांगता येईल.

सातारा : 'जाणती' आवडले. 'अप्रत्यक्ष'बद्दल मात्र माझी हरकत कायम आहे.