करवंदं-जांभळांतल्या मेलाटोनिनने खरंच झोप येते का?

रानमेवा_आजरा:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे करवंदांचा सीझन जोरात आहे, जांभळंही यायला लागलीत. आईचं वय 68, रात्री दोन-अडीचला जाग येते ती परत डोळा लागतच नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की रानफळांत मेलाटोनिन (रात्री आपल्या शरीरात तयार होणारं झोपेचं हार्मोन) भरपूर असतं, झोपताना वाटीभर खा, गोळी लागणार नाही. एकजण करवंदाची पावडर पण विकतोय झोपेसाठी म्हणून, चांगली महाग आहे. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. घ्यावी का? जाणकारांनी सांगा प्लीज.

फळशास्त्र:
पावडर घेऊ नका. झाडांमध्ये मेलाटोनिन असतं हे खरंय, 1995 पासून माहितीय, झाड ते स्वतःसाठी बनवतं, ऊन-थंडी-दुष्काळ सोसायला. पण प्रमाण बघा ना. ज्या फळाचं सगळ्यात जास्त नाव घेतात ती अमेरिकेतली मॉन्टमोरन्सी आंबट चेरी, तिच्यात 2001 च्या मोजणीत ग्रॅमला साधारण 13 नॅनोग्रॅम निघालं. म्हणजे 100 ग्रॅम खाल्ली तर 1.3 मायक्रोग्रॅम. मेलाटोनिनच्या 1 मिलिग्रॅमच्या साध्या गोळीत 1000 मायक्रोग्रॅम असतं, तेवढं मिळवायला 75 किलोच्या वर चेरी खावी लागेल! आणि तोंडाने घेतलेल्यातलं बरंचसं लिव्हरमध्येच संपतं. पावडरवाल्याला विचारा, ग्रॅमला किती आणि कुठल्या लॅबमध्ये मोजलं.

स्वप्नील_पुणे:
पण चेरी ज्यूसने झोप सुधारते असा प्रयोग झालाय ना? मी वाचलंय.

फळशास्त्र:
झालाय, 2012 मध्ये, 20 निरोगी माणसांवर, आठवडाभर, तेही आटवलेला ज्यूस देऊन. झोप थोडी वाढली. तैवानमध्ये किवीवर पण झालाय, 24 जणांवर. एवढ्याशा प्रयोगांवरून आपल्या करवंदाचं काही ठरवता येत नाही. शुगरवाल्या काकूंना आटवलेला रस तर अजिबात नको.

सावंतवाडीकर:
ताई, फळं मात्र सोडू नका हं. करवंदाचा आणि जांभळाचा काळा-जांभळा रंग अँथोसायनिनचा, ते चांगलं अँटीऑक्सिडंट आहे, सोबत फायबर. मूठभर पिकलेली करवंदं दुपारी खाऊ देत, सरबत-मुरंबा नको कारण त्यात साखर ओततात. जांभळाने शुगर उतरते म्हणून कोणी गोळ्या बंद करायला सांगेल, ते ऐकू नका.

नर्स_माई:
मला वेगळंच विचारायचंय. आईंना जाग लघवीसाठी येते का? शुगर वाढलेली असली की रात्री सारखं उठावं लागतं. आणि घाम येऊन, छातीत धडधडून जाग येत असेल तर रात्री शुगर उतरत असू शकते, काही गोळ्यांनी होतं तसं. वयाने मेलाटोनिन कमी होतं हे बरोबर, पण आधी हे बघा. जाग आल्यावर मोबाईल बघतात का? त्या उजेडाने आहे तेही मेलाटोनिन दबतं.

रानमेवा_आजरा:
हो माई, दोनदा तरी उठते लघवीला, आणि मग मोबाईलवर भजनं लावते. हे डॉक्टरांना कधी सांगितलंच नाही आम्ही.

नर्स_माई:
मग सांगाच. जाग येईल तेव्हा ग्लुकोमीटरने शुगर बघून, वेळ घालून लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन जा. घाम-धडधड असेल आणि शुगर 70 च्या खाली दिसली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा आणि सकाळीच डॉक्टरांना फोन करा. भजनं लावू देत, फक्त स्क्रीन पालथा ठेवा.