सातारा-सांगलीकरांनो, डोंगर-तळी राखणारे आणि कचरा मार्गी लावणारे, तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

आपल्या दोन जिल्ह्यांत पठार, तळी, देवराया, नदीकाठ राखणारी आणि गल्लीतला कचरा वेगळा करून मार्गी लावणारी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांचं बोलणं एका जागी वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. मोहिमेच्या दिवसाबद्दल लिहाच, पण त्यापेक्षा नंतरचं जास्त लिहा. बॅनर उतरला, पाहुणे गेले, तिसरा-चौथा महिना लागला, तेव्हा कोण येत राहिलं आणि का आलं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. राखणाऱ्याच्या हातात थोडा तरी हक्क असेल किंवा त्या कामात थोडे तरी पैसे फिरत असतील तिथंच काम टिकतं, नुसत्या कळकळीवर एखाद-दुसरा पावसाळा निघतो. पटत नसेल तर खोडून काढा, राग नाही.

मी साताऱ्यातला, अजिंक्यताऱ्यावर झाडं जगवणाऱ्या ग्रुपमधला. जगवणाऱ्या म्हणतोय, लावणाऱ्या नाही. गडावर पाऊस भरपूर पण खाली मुरूम आणि कातळ, पाणी थांबतच नाही, संक्रांत झाली की रोपं माना टाकतात. त्यामुळं आमच्यात एकच नियम आहे, मे महिन्यापर्यंत पाणी घालणारा माणूस नाव देत नाही तोवर खड्डा खणायचा नाही. सकाळी फिरायला येणारी मंडळी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन भरून वर चढतात, कॅनच्या तळाला सुईनं बारीक भोक असतं, वर दगड ठेवून तो बुंध्याशी टेकवायचा आणि खाली यायचं, दिवसभर थेंब थेंब मुरत राहतं. कॅन परत खाली आणायची जबाबदारी पण त्याच माणसाची.

आता तुम्ही लिहा.

कास परिसरातून

माझं गाव पठाराच्या कडेला. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबर लागेपर्यंत मी समितीकडून गाईड असते, आमच्या भागातल्या गावांची वनखात्याबरोबर संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे, पार्किंग, तिकीट, पाऊलवाटेवर उभं राहणं, कचरा उचलणं सगळं गावातलीच पोरंपोरी बघतात आणि त्याचा रोज मिळतो. २०१२ ला जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर गर्दी एवढी वाढली की आवरेना, म्हणून मग दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं.

लोक गाडीतून उतरतात आणि विचारतात, फुलं कुठायत? मी म्हणते काका जरा खाली बसा. पठारावर माती बोटभर, खाली सगळा जांभा दगड, त्या मातीत नत्र नसल्यात जमा, म्हणून तर सीतेची आसवं नावाची वनस्पती किडे खाऊन जगते. नखाएवढं निळं-जांभळं फूल आणि खाली ओल्यात बारीक बारीक पिशव्या, त्यात किडा ओढला जातो. दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानावर चिकट थेंब चमकत असतात तेही तिथंच असतं. गुडघ्यावर बसून एवढं बघितलं की माणूस उठताना स्वतःच पाय जपून ठेवतो. आधी आम्ही नुसत्या शिट्ट्या वाजवायचो, शिट्टीनं माणूस तेवढ्यापुरता मागं येतो आणि आपण वळलो की परत सेल्फीला आत जातो. आता शिट्टी असते गळ्यात पण काम बोलण्यानं होतं.

दादा तुम्ही पैशाचं म्हणालात ते खरंय, सीझनच्या कमाईवर बऱ्याच घरात शाळेची फी निघते. पण एक सांगते, टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, मधल्या वर्षात ती नुसती हिरवी झुडपं, तिचं तिकीट कोण काढत नाही, तरी आमच्या बाया त्यातून वाट पडू देत नाहीत.

धागा काढणारा

ताई फार छान लिहिलंत. पठाराला मधे कुंपण घातलं होतं, त्याबद्दल गावात काय मत आहे तेही लिहा ना, इथं शहरात दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळतं.

कास परिसरातून

कुंपण होतं तेव्हा गुरं चरायला जायची बंद झाली. आमच्या आजीचं म्हणणं, गुरं गवत खाली ठेवतात म्हणून बारक्या फुलांना ऊन मिळतं, कुंपणानं गवत माजलं आणि फुलं दबली. गावातली बरीच जुनी माणसं हेच सांगायची. नंतर ते कुंपण काढलं. गर्दी आवरायला तेव्हा काहीतरी लागणारच होतं हे मला पण मान्य आहे, पण चराईचं गुराख्याला विचारायला पाहिजे होतं.

कराड

आमचं काम एकदम साधं, अपार्टमेंटचा सुका कचरा. कराडचं नाव तुम्हाला माहितीच असेल, स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला देशात पहिला नंबर कराडचा, २०२१ ला विट्याचा, २०२२ ला पाचगणीचा, म्हणजे सलग तीन वर्षं आपल्याच दोन जिल्ह्यांत. अभिमान आहेच. पण पहिला नंबर आला तरी दुधाची पिशवी ज्याची त्यानंच धुवायची असते.

दुधाच्या पिशवीबद्दल लिहितेच. कोपरा पूर्ण कापून तोडायचा नाही, चीर द्यायची आणि तुकडा पिशवीलाच राहू द्यायचा. तो तोडलेला त्रिकोणी तुकडा एवढासा असतो की कुणीच वेचत नाही, थेट गटारात जातो. पिशवी आतून विसळायची, ते पाणी झाडाला, आणि पिशवी उलटी करून कपड्यांच्या दोरीला चिमट्यानं लावायची. आमच्या प्रत्येक गॅलरीत आता दोरीला पिशव्या दिसतात. वाळलेली स्वच्छ पिशवी भंगारवाला आनंदानं घेतो, आंबट वास आला की घेत नाही. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक असं वेगवेगळं बांधून ठेवलं की भाव बरा मिळतो, एकत्र कालवलं की तोच माल कवडीमोल.

पैसे आम्ही कुणी घेत नाही, जिन्याची झाडलोट करणाऱ्या मावशींना जातात. आणि खरं सांगायचं तर मावशींमुळंच हे टिकलंय. कुणाच्या बादलीत ओलं-सुकं एकत्र दिसलं की त्या दारात उभ्या राहून सांगतात, "वहिनी, हे हातानं मला निवडायला लागतं." यापुढं कुणाचं काही चालत नाही. सोसायटीची नोटीस कुणी वाचली नव्हती, मावशींचं मात्र सगळे ऐकतात.

अडतं एकाच ठिकाणी, चिप्स-बिस्किटांची आतून चांदीसारखी पाकिटं. त्यात प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकाला चिकटवलेला असतो, वेगळा होत नाही म्हणून कुणी विकत घेत नाही. ती आम्ही कोरडी साठवून घंटागाडीला वेगळी देतो, पुढं अशी पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. हे काही रिसायकल नव्हे, त्यामुळं घरात येतानाच कमी येतील असं बघणं हाच इलाज.

मिरज, दंडोबाच्या बाजूचा

आमचं काम उन्हाळ्यातलं. दंडोबाचा डोंगर बघितला असेल तुम्ही, मिरज-पंढरपूर रस्त्यानं जाताना दिसतोय. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून खडखडीत झालं की वणव्याची भीती. वनरक्षकाबरोबर आम्ही जाळपट्टे काढायला जातो, म्हणजे रस्त्याच्या कडेचं आणि ठराविक रेषेतलं गवत आधीच काढून पट्टा मोकळा करायचा, आग आली तर तिथं तिला खायाला काय मिळू नये. नंतर होळीपर्यंत आणि पुढं पाऊस पडेपर्यंत डोळा ठेवायचा, धूर दिसला की फोन.

आता वणवा लागतो का तर लई वेळा लावलेला असतो. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमात येतं अशी समजूत हाय. काळं झालं की हिरवं लगेच उठून दिसतं म्हणून तसं वाटतं, पण त्यात जमिनीवरची अंडी, सरडे, रोपं, पडलेलं बी सगळं जातं आणि पहिल्या पावसात उघडी माती ओढ्यात. हे किती सांगितलं तरी आम्ही बाहेरचे. फरक कशानं पडला तर ज्यांची जनावरं हायत त्यांनाच बोलावून परवानगीनं गवत कापून न्यायला लावलं. फुकटचा चारा घरात आला, आणि डोंगरावर जळायला गवतच कमी राहिलं. आता धूर दिसला तर पहिला फोन त्यांचाच येतोय. धागा काढणारे दादा म्हणतात तो हक्काचा मुद्दा मला इथं शंभर टक्के पटला.

देवराष्ट्रे भाग

सागरेश्वरचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. उघड्या बोडक्या डोंगरावर माणसांनी जंगल उभं केलं, धों. म. मोहित्यांनी आयुष्य घातलं त्यात, १९८५ ला अभयारण्य झालं. साधारण ११ चौरस किलोमीटर, चितळ, सांबर, काळवीट. श्रावणी सोमवारी देवळांना गर्दी असते, तेव्हा आम्ही प्लास्टिकची पिशवी दिसली की कापडी देतो आणि येताना परत घेतो. हरणं बाहेर येऊन शिवारात घुसतात त्याचा त्रास शेतकऱ्याला आहे, तो नाकारून चालणार नाही. उन्हाळ्यात आतले पाणवठे भरलेले असले की तो त्रास कमी होतो, म्हणून पाणवठ्यातला गाळ काढणं हे आमच्या दृष्टीनं शेतकऱ्याचंच काम आहे.

सांगली, नदीकाठ

२०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर प्रत्येक दारात चिखल, भिजलेल्या गाद्या, फुगलेलं धान्य, वह्या-पुस्तकं, फर्निचर. नदीकाठच्या बाभळींवर आपल्या डोक्याच्या कितीतरी वर प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या, पाणी कुठवर आलं होतं ते त्या झाडांवर दिसत होतं.

मदत सगळीकडून आली, त्या माणसांचे उपकार विसरणार नाही. पण कपडे एवढे आले की काही दिवसांत तेही ढीग होऊन पावसात भिजायला लागले. आमच्या गल्लीतल्या बायकांनी ते वेगळे केले. घालण्यासारखे एका बाजूला, सुती फाटके वाकळ शिवायला, जाड कापड पिशव्यांना. बाजारच्या पिशव्या शिवून भाजीवाल्यांकडं ठेवायला सुरुवात तेव्हाची. राज्यात प्लास्टिक पिशव्यांची बंदी २०१८ पासून आहे, पण हातात दुसरं काही दिल्याशिवाय भाजीवाला तरी काय करणार. पूर गेला तरी शिवणं चालू राहिलं, आता जुन्या साड्या लोक आणून देतात. ज्या बाईचं मशीन पुरात गेलं होतं तिला पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून मशीन घेऊन दिलं, आणि सगळ्यात जास्त पिशव्या तिच्याच हातच्या आहेत.

तासगाव, द्राक्षवाला

कचरा म्हटलं की सगळे गावातलं बोलतात, शिवारातलं कोण बोलत नाही. द्राक्षबागेला औषधाच्या फवारण्या किती असतात ते बागवाल्यालाच माहीत, आणि रिकामी बाटली बांधावरनं ओढ्यात. पावसात तेच धुऊन विहिरीकडं येतं आणि तेच पाणी आपली पोरं पितात, जीव तुटतो बघून.

आम्ही वस्तीवरच्या बागवाल्यांनी ठरवून घेतलंय. बाटली रिकामी झाली की तिथल्या तिथं तीन वेळा खळखळून धुवायची आणि ते पाणी पंपातच ओतायचं, औषध पण वाया जात नाही. मग बुडाला भोक पाडायचं, म्हणजे घरात कोण तेल-पाणी भरायला वापरणार नाही. ह्या बाटल्या घरच्या भंगारात घालायच्या नाहीत, वेगळ्या पोत्यात, शेडला कुलूप. ड्रिपच्या जुन्या नळ्यांचं मात्र सोपं हाय, गुंडाळून ठेवल्या की घ्यायला गिऱ्हाईक येतंय, शेतात गाडल्या किंवा पेटवल्या तर आपल्याच जमिनीचं वाटोळं.

मायणीकडून

आम्ही पक्षी मोजणारे. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, पहाटे थंडीत तलावावर बसायचं आणि वहीत टिपायचं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब बघितलेले शाळेतले पोर पुढं तलावात जाळं लावणाऱ्याला स्वतः हटकतं.

हक्काचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०२१ ला मायणीचं क्षेत्र पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. वन्यजीव कायद्यात कलम ३६-ब प्रमाणे अशा राखीव क्षेत्राला समिती असते, त्यात ज्या ज्या ग्रामपंचायतीची हद्द येते तिचा एक प्रतिनिधी आणि वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी घ्यायचे असतात. सल्ला देणारी समिती आहे, पण नोंद होते, इतिवृत्त होतं. तसंच २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. आपल्या गावची नोंदवही मागून बघा. गावात कुणी न बघितलेले प्राणी त्यात लिहिलेले असतील तर गुराख्याला आणि वैदूला सोबत बसवून ती दुरुस्त करायची मागणी ग्रामसभेत करा, तो आपला अधिकार आहे.

कराड

हे मला माहितीच नव्हतं, नगरपालिकेत पण अशी समिती असते का?

मायणीकडून

असते ताई. नगरपालिका, महानगरपालिका सगळ्यांना लागू आहे.

सांगली, नदीकाठ

मिरजकर दादा, आमच्यातले काही जण फेब्रुवारीत दंडोबाला जाळपट्ट्यांच्या कामाला येऊ म्हणतायत, कॉलेजची पोरं आहेत. चालेल का, आणि काय आणायचं?

मिरज, दंडोबाच्या बाजूचा

या की, का नाही. आधी वनरक्षकाला नावं कळवू. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट, नायलॉनचा टी-शर्ट कुणीच घालायचा नाही, ठिणगी पडली की अंगाला चिकटतोय. विळा आणि लांब दाताळं असंल तर आणा, पाण्याची बाटली घरनं भरून आणा, वर पाणी नाही. ऊन चढायच्या आत काम उरकायचं असतंय, तर सहाला पायथ्याला. जेवणाची काळजी करू नका, भाकरी-खर्डा आमच्याकडं.