हक्क, अधिकार आणि ‘हक्कदारी’

नागपूर जिल्ह्यात मौद्याकडे काकाजींच्या धानाच्या बांध्या पेंच प्रकल्पाच्या कालव्यावर आहेत. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेच्या बैठकीत ते म्हणाले, “पाणी आमचा अधिकार आहे.” एक निवृत्त शाखा अभियंता लगेच म्हणाले, “अधिकार पाटबंधारे महामंडळाचा जी, तुमचा हक्क.” हा फरक खरा आहे का? कागदावर तर ‘हक्कदारी’ असा तिसराच शब्द आहे.

— खरा आहे, आणि जपण्यासारखा आहे. ‘हक्काचा माणूस’ आणि ‘अधिकारी माणूस’ शेजारी ठेवून पाहा. पहिल्याकडे आपण बिनधास्त मागतो, दुसरा आपल्याला सांगतो. पाण्याचंही तसंच. पाण्याची पाळी लावणं, कालव्याचं दार बंद करणं, पाणीपट्टी आकारणं हे अधिकार. ठरलेलं पाणी मागता येणं, म्हणजेच समोरच्यावर ते देण्याचं बंधन असणं, हा हक्क. रोजच्या बोलण्यात ‘मतदानाचा अधिकार’ही चालतो, पण अर्ज लिहिताना ही सरमिसळ महागात पडते.

‘हक्कदारी’ ऐकून जमीनदारी, वतनदारी आठवते आणि मालकीचा भास होतो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात तो केवळ पाणी वापरण्याचा हक्क आहे, मालकी नाही. सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणाऱ्या त्याच वर्षीच्या कायद्याने पाणी संस्थेला घनमापन पद्धतीने मोजून मिळतं, एकेका शेतकऱ्याला नाही. म्हणून ‘माझी हक्कदारी’ नको, ‘आमच्या संस्थेची’ म्हणा.

— एक भर घालतो. ‘महामंडळ ठरवेल ते’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, आणि तिथे क्रियापदच चुकतं. प्राधिकरणाच्या कायद्याने राज्यातली पाच पाटबंधारे महामंडळं ‘नदीखोरे अभिकरणं’ आहेत. आपलं विदर्भाचं, 1997 चं, त्यातलंच. अभिकरण म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारं. हक्कदारीचे निकष प्राधिकरण ठरवतं. पिणं, शेती, उद्योग यांतली वाटणी 2011 च्या दुरुस्तीनंतर राज्य मंत्रिमंडळ ठरवतं. महामंडळ त्या चौकटीत हक्कदारी *देतं*. पेंचचं पाणी नागपूर शहर पितं, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रंही घेतात. त्यामुळे कोणाकडे काय मागायचं हे क्रियापदावरूनच कळायला हवं.

— आभार. काकाजींच्या अर्जात ‘रोवणीसाठी कृपया पाणी सोडावे, ही नम्र विनंती’ असं होतं. ते खोडून आज लिहिलं: ‘संस्थेच्या मंजूर हक्कदारीप्रमाणे या पाळीचे पाणी मोजून द्यावे.’